गाभण जनावर गाडीत चढवतो कोण?

2025 च्या शरद ऋतूत उरुग्वेहून निघालेलं ‘स्पिरिडॉन-2’ हे गुरांचं जहाज तुर्कस्तानच्या बांदिर्मा बंदरापाशी येऊन अडकलं. जहाजावर जवळपास तीन हजार गुरं होती आणि त्यांत गाभण कालवडींचा भरणा मोठा होता. कानातले बिल्ले आणि कागदपत्रं यांचा मेळ बसत नाही म्हणून अधिकाऱ्यांनी ती उतरवू दिली नाहीत. लांबच्या समुद्रप्रवासाने आधीच थकलेली ती जनावरं बंदर समोर दिसत असताना जहाजावरच राहिली. काही गाई तिथेच व्यायल्या, काही जनावरं दगावली. बातमी जगभर गेली आणि गाभण जनावरांची वाहतूक व कत्तल यांवरचा जुना वाद पुन्हा वर आला. युरोपियन आयोगाने डिसेंबर 2023 मध्ये जनावरांच्या वाहतुकीचे नियम बदलण्याचा प्रस्ताव मांडल्यापासून युरोपात तर तो धुमसतच आहे.

वाद गरजेचा आहे, पण ज्या तऱ्हेने तो घातला जातो त्याने एकाही जनावराचं भलं होणार नाही. एक बाजू कत्तलखान्याच्या फरशीवर पडलेल्या, अंगावर केस आलेल्या वासराचा फोटो पुढे करते आणि विचारते, हे बघूनही तुम्ही गप्प? दुसरी बाजू शास्त्रीय निबंध पुढे करते आणि सांगते, गर्भ शुद्धीत नसतो, त्याला काही कळत नाही, विषय संपला. दोघेही एकाच ठिकाणी आणि एकाच क्षणी पाहत असतात: गर्भाशयात, आई मेल्यानंतर. तोपर्यंत जे बिघडायचं ते बिघडून गेलेलं असतं. ती गाय गाडीत चढली कशी, कुणी चढवली, ती किती महिन्यांची गाभण आहे हे त्याला माहीत होतं का, आणि माहीत नसेल तर का नव्हतं, हे प्रश्न कुणी विचारत नाही.

माझं म्हणणं असं आहे. गर्भाला वेदना होते की नाही याचा अखेरचा निकाल लागेपर्यंत थांबण्याचं कारण नाही. गर्भकाळाच्या शेवटच्या तृतीयांशातलं जनावर कत्तलीसाठी गाडीत चढवलंच जाऊ नये. याची जबाबदारी ते पाठवणाऱ्या मालकावर आणि व्यापाऱ्यावर असावी. ती पाळली जाते का, हे कत्तलखान्यात सापडणाऱ्या प्रत्येक गर्भाची नोंद ठेवून तपासलं जावं. यातली शेवटची गोष्ट सर्वांत रूक्ष वाटते, पण माझ्या मते बाकी सगळं तिच्यावरच उभं आहे.

आधी विज्ञानाचं ऐकू, कारण दुसऱ्या बाजूचं ते खरं बळ आहे. युरोपियन अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 2017 मध्ये या विषयावर सविस्तर मत दिलं. गाई, डुकरं, मेंढ्या, शेळ्या आणि घोडे यांच्या गर्भात शेवटच्या तृतीयांशात वेदना जाणवायला लागणारी मेंदूची आणि मज्जातंतूंची रचना तयार असते, हे तज्ज्ञांनी 90 ते 100 टक्के संभाव्य मानलं. पण रचना तयार असणं आणि जाणीव जागी असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. न्यूझीलंडच्या मॅसी विद्यापीठातले डेव्हिड मेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की गर्भाशयात मेंदूला झोपवून ठेवणारी एक अख्खी यंत्रणा काम करत असते. ॲडेनोसिन, प्रेग्नॅनोलोनच्या जातीची संप्रेरकं, प्रोस्टाग्लॅंडिन डी-2, प्राणवायूचं कमी प्रमाण, ऊब, पाण्यातलं तरंगणं, हे सगळं मिळून गर्भाला निद्रेसारख्या स्थितीत ठेवतं. ही स्थिती जन्मानंतर, श्वास सुरू झाला की मोडते. म्हणून प्राधिकरणाच्या तज्ज्ञांनी गर्भाला जाणीवपूर्वक वेदना होत नसण्याची शक्यता 66 ते 99 टक्के धरली आणि होत असण्याची 1 ते 33 टक्के. फोटो दाखवून ‘ते वासरू तडफडत होतं’ असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी हे मान्य करायला हवं. गर्भ हलतो, त्याचं काळीज बराच वेळ धडधडत राहतं, पण त्यावरून त्याला यातना होत होत्या हे सिद्ध होत नाही.

मात्र ‘विषय संपला’ म्हणणाऱ्यांनीही तोच अहवाल नीट वाचावा. 1 ते 33 टक्के म्हणजे शून्य नव्हे. शिवाय विज्ञानाची खात्री एकदा अशाच जागी फसलेली आहे. 1980 च्या दशकापर्यंत नवजात बालकांवर, विशेषतः अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर, मोठ्या शस्त्रक्रियाही पुरेशा भुलीशिवाय केल्या जात. त्यांची मज्जासंस्था अपक्व असते, त्यांना वेदना तशी जाणवत नाही आणि औषधाचा धोका मात्र मोठा, असा तर्क होता. तो मांडणारी माणसं निर्दय नव्हती, चांगली डॉक्टर होती. के. जे. एस. आनंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1987 मध्ये दाखवलं की नीट वेदनाशमन दिलेल्या बाळांच्या शरीरावरचा ताण कमी होतो आणि गुंतागुंतही घटते, तेव्हा कुठे जगभरची रीत बदलू लागली. हा दाखला मी पूर्ण ताणत नाही. नवजात बाळ श्वास घेतं, गर्भ घेत नाही, आणि मेलर यांचा युक्तिवाद नेमका त्या फरकावर उभा आहे. पण प्रश्न उरतोच: चुकीची किंमत दुसऱ्या कुणाला मोजावी लागणार असेल, तेव्हा ‘बहुधा कळत नसावं’ एवढ्यावर किती निर्धास्त राहायचं?

आणि ती निद्रा टिकून राहायला एक अट आहे. गर्भाने हवेत श्वास घेता कामा नये. बोल्टच्या पिस्तुलाने किंवा विजेच्या चिमट्याने गाईची शुद्ध हरपते, गर्भाची नाही. तो मरतो आईचं रक्ताभिसरण थांबल्यावर, प्राणवायूअभावी, सावकाश. म्हणून जागतिक प्राणी आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक नियमांत सांगितलं गेलं की आईच्या मानेवर किंवा छातीवर छेद दिल्यानंतर किमान 5 मिनिटं गर्भ बाहेर काढू नये. त्याचं रक्त किंवा अवयव गोळा करायचे नसतील तर तो मरेपर्यंत न उघडलेल्या गर्भाशयातच राहू द्यावा, आणि पूर्ण वाढीचा जिवंत गर्भ बाहेर आलाच तर त्याला श्वास घेऊ देऊ नये. हा नियम अमलात आणणारा माणूस कोण असतो याचा विचार करा. तो सरकत्या साखळीवर उभा असलेला कामगार असतो. पोट उघडल्यावर आत काय निघणार हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. घोळ मालकाने घातलेला असतो आणि व्यापाऱ्याने पुढे ढकललेला असतो. तो निस्तरायची पाळी मात्र सगळ्यांत कमी अधिकार असलेल्या माणसावर येते. गर्भ शुद्धीत नसतो असं सांगून जे हात झटकतात, त्यांनी ती शुद्ध येऊ न देण्याचं काम कुणाच्या गळ्यात घातलं आहे?

आता आईकडे वळू. गर्भाच्या वेदनेबद्दल शंका असेल, गाईच्या वेदनेबद्दल कुणालाच शंका नाही. शेवटच्या महिन्यांत गर्भाशय पोटातली एवढी जागा व्यापतं की कोठीपोटाला, म्हणजे चारा साठतो त्या पोटाच्या कप्प्याला, जागा उरत नाही, चारा कमी खाल्ला जातो, आणि नेमकी त्याच काळात वासराची मागणी सर्वांत जास्त असते. कास सुजलेली, चाल जड. अशा जनावराला हलत्या गाडीत तासन् तास तोल सांभाळत उभं करणं, पाणी आणि चारा तोडणं, अनोळखी जनावरांत कोंबणं म्हणजे काय, हे गुरं राखणाऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. जुळी कोकरं पोटात असलेल्या मेंढीला शेवटच्या काही आठवड्यांत थोडं जरी उपाशी ठेवलं तरी तिची साखर कोसळते, ती आंधळ्यासारखी भिंतीला टेकते आणि आडवी होते. हा आजार पशुवैद्यकाच्या पहिल्या धड्यांतला आहे. दिवस भरत आलेल्या गाई-मेंढ्या लांबच्या प्रवासानंतर कॅल्शियम घसरून लडखडतात, कोसळतात आणि उठत नाहीत, हे तर रेल्वेने गुरं नेली जात त्या काळापासून नोंदलेलं आहे. प्रत्येक गाभण जनावर प्रवासात कोसळतं असं नाही, बरीच धडधाकट उतरतात. पण कोसळणार कोणतं हे चढवताना ओळखता येत नाही, आणि धोका गर्भकाळाच्या शेवटाकडे वाढत जातो हे निर्विवाद आहे.

म्हणूनच कायद्यांनी रेषा आखल्या. युरोपियन संघाचा 2005 चा वाहतूक नियम सांगतो की गर्भकाळाचा 90 टक्के भाग उलटलेली किंवा गेल्या आठवडाभरात व्यायलेली मादी प्रवासास अयोग्य. ऐकायला हे पुरेसं वाटतं. आता हिशोब करून पाहा. गाईचा गर्भकाळ साधारण 280 दिवसांचा, म्हणजे शेवटचे 10 टक्के म्हणजे 28 दिवस. गाईच्या माजाचं चक्र 21 दिवसांचं. कळपात वळू मोकळा फिरत असेल आणि गाय नेमकी कोणत्या माजाला फळली यात एका चक्राची चूक झाली, की 28 पैकी 21 दिवसांची राखण गेली. उरला एक आठवडा. मेंढीचं तर त्याहून वाईट. तिचा गर्भकाळ सुमारे 150 दिवसांचा, 10 टक्के म्हणजे 15 दिवस, आणि माजाचं चक्र 17 दिवसांचं. एका चक्राची चूक झाली की संपूर्ण संरक्षण नाहीसं होतं आणि दिवस भरलेली मेंढी कागदोपत्री प्रवासाला योग्य ठरते. तारीख मोजण्यात जेवढी चूक होऊ शकते तिच्यापेक्षा अरुंद असलेली रेषा कुणाचं संरक्षण करणार? शेवटचा तृतीयांश धरला तर गाईसाठी 93 दिवस मिळतात. तीन-चार आठवडे चुकले तरी गाय व्यायच्या तोंडावर गाडीत सापडत नाही. जर्मनीने 1 सप्टेंबर 2017 पासून शेवटच्या तृतीयांशातली गाभण सस्तन जनावरं कत्तलीसाठी देण्यावर बंदी घातली. रोगनियंत्रणाचा आदेश किंवा पशुवैद्यकीय कारण असेल तर सूट, आणि मेंढ्या-शेळ्या मात्र सरसकट वगळल्या. त्या अपवादाकडे मी पुढे येतो.

रेषा कुठे आहे याइतकंच ती कोण आखतं हेही महत्त्वाचं. एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्ये जहाजं वाजवीपेक्षा जास्त भरून पाठवली जात. ती बुडाली तर मालकाला विम्याचे पैसे मिळत, खलाशी मात्र जिवाला मुकत. सॅम्युएल प्लिम्सॉल यांनी संसदेत लढून 1876 मध्ये जहाजाच्या अंगावर भाररेषा सक्तीची करवली. पण रेषा नेमकी कुठे काढायची हे त्या कायद्याने मालकावरच सोडलं. पाण्याखाली किती जहाज घालायचं हे ज्याचा फायदा जास्त भरण्यात होता त्यानेच ठरवायचं! रेषेची जागा सरकारी नियमाने बांधली गेली ती 1890 मध्ये, म्हणजे चौदा वर्षांनी. गाभण जनावरांच्या वाहतुकीत आज आपण 1876 मध्ये उभे आहोत. 90 टक्के ही रेषा कायद्यात आहे, पण गाय किती दिवसांची हे विकणारा सांगतो, नेणारा मान्य करतो आणि उतरवणारा पोट उघडल्यावर पाहतो. तपासणीचा पुरावा कुणी मागत नसेल तर रेषा असून नसल्यासारखीच.

नुसता कडक मजकूर लिहून भागत नाही हे भारताच्या नियमांवरूनही दिसतं. कत्तलखान्यांसाठीच्या 2001 च्या नियमांत गाभण जनावर, कोणत्याही महिन्याचं असो, कापायलाच मनाई आहे. तीन महिन्यांच्या आतलं पिल्लू असलेल्या मादीलाही ते संरक्षण आहे. मजकूर म्हणून तो युरोपच्या पुढे आहे. त्याच नियमांत पशुवैद्यकाने तासाला 12 आणि दिवसाला 96 पेक्षा जास्त जनावरं तपासू नयेत असं म्हटलं आहे. म्हणजे एका जनावराला पाच मिनिटं, आणि त्यात रोग, जखम, वय, गर्भ सगळं. ही मर्यादा घाईला लगाम घालण्यासाठी आहे आणि ती योग्यच आहे. पण विचार करा, मेंढी-शेळीचा गर्भ गाईसारखा हाताने चाचपता येत नाही, तिथे पाच मिनिटांत सोनोग्राफीशिवाय काय कळणार? आणि कळलं तरी जनावर तोवर प्रवास करून आलेलं असतं. त्याला परत पाठवायचं तर पुन्हा तोच प्रवास. दारात केलेली तपासणी कितीही प्रामाणिक असली तरी उशिराचीच असते.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. गाभण गाय आजारी पडली, पाय मोडला, कासदाहाने गळून गेली तर काय करायचं? कत्तलीला बंदी घातली तर ती वासरू होईपर्यंत कुढत राहील, आणि आपण दयेच्या नावाखाली तिच्या यातना लांबवू. हा आक्षेप प्रामाणिक आहे आणि त्याला झटकून टाकणारे गोठ्यात उभे राहिलेले नसतात. पण नीट पाहिलं तर तो आक्षेप मारण्याच्या बंदीला लागू होतो, चढवण्याच्या बंदीला नाही. वेदनेशिवाय स्वतःच्या पायांवर चालू न शकणारं जनावर त्याच 2005 च्या नियमाप्रमाणे आधीच प्रवासास अयोग्य आहे, गाभण असो वा नसो. मोडक्या पायाच्या गाईला गाडीची गरज नाही, गोठ्यावर येणाऱ्या पशुवैद्यकाची आहे. तिचा शेवट तिथेच, तिच्या ओळखीच्या जागेवर करता येतो. युरोपियन संघाने 2021 पासून अटींसह एका वेळी तीन गुरांपर्यंत शेतावरच कत्तल करायला परवानगी दिली आहे, म्हणजे मांस वाया जाण्याची सबबही पूर्वीइतकी उरलेली नाही. असे डॉक्टर सगळीकडे वेळेवर मिळत नाहीत, हे खरं. मग पैसा आणि आग्रह त्या सोयीवर खर्च व्हायला हवा. आजारी गाभण गाय लांब पाठवणं हा त्या उणिवेवरचा उपाय होऊ शकत नाही.

दुसरा आक्षेप अज्ञानाचा: गाय गाभण आहे हे आम्हाला माहीतच नव्हतं. मांसासाठी पाळलेल्या मोठ्या कळपात, जिथे वळू वर्षभर गाईंत असतो, हे खरं असू शकतं. पण दुधाच्या गोठ्याबद्दल काय म्हणायचं? 2017 च्या त्याच अहवालात कापल्या जाणाऱ्या जनावरांपैकी शेवटच्या तृतीयांशात असलेल्यांचा अंदाज दुभत्या गाईंत 3 टक्के, मांसाच्या गुरांत 1.5, मेंढ्यांत 0.8, डुकरांत 0.5 आणि शेळ्यांत 0.2 टक्के असा दिला आहे. सर्वांत मोठा आकडा दुभत्या गाईंचा, म्हणजे जिथे कृत्रिम रेतनाची तारीख लिहिलेली असते, गर्भतपासणी होते, आणि 305 दिवसांच्या दुधाचा हिशोब लिटरमध्ये ठेवला जातो तिथला. दुभती गाय आयुष्याचा बराच काळ गाभणच असते, त्यामुळे तिथे आकडा वर जाणार, हे मान्य. पण त्याच कारणाने ‘माहीत नव्हतं’ हे तिथे कमीत कमी पटतं. गाय कधी आटवायची हे ज्या वहीत लिहिलेलं असतं, त्याच वहीत ती केव्हा विणार हेही असतं. दूध घटलं, दुधाचा भाव पडला, गोठ्यात जागा हवी, म्हणून जाणूनबुजून निर्णय घेतला जातो. मांसाच्या धंद्यात तर वजन भरावं किंवा माजाची धावपळ थांबावी म्हणून कालवडी मुद्दाम फळवल्या जातात, हेही अहवालांनी नोंदलं आहे. अशा निर्णयांना भूतदयेचा आधार नसतो, सोयीचा असतो.

इथेच मांस न खाणाऱ्यांनाही सांगायचं आहे. त्यांच्यातल्या अनेकांना हा वाद आपला वाटत नाही. मारणंच चूक असताना ते कधी आणि कसं याची चर्चा म्हणजे मारण्याला मान्यता, असा त्यांचा युक्तिवाद असतो. सगळी कत्तल थांबावी असं ज्यांना मनापासून वाटतं त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण वरचा आकडा सांगतो की हा प्रश्न सर्वांत जास्त दुधाच्या पेल्याशी जोडलेला आहे. गाय गाभण राहते म्हणून दूध येतं, आणि दूध परवडेनासं झालं की ती गाभण असतानाच जाते. जो दूध पितो तो या साखळीबाहेर नाही. उलट टोकाला उभे असलेले म्हणतात, मारायचंच आहे तर गाभण काय नि भाकड काय. पण मग शुद्ध हरपवून मारण्याचा आग्रह का? गाडीत पाणी का? कत्तलीआधी विसावा का? जनावर मरणार आहे हे ठरल्यानंतरच्या वेळासाठीच हे सगळे नियम केलेले आहेत. तो वेळ क्षुल्लक असता तर यातला एकही नियम लिहावा लागला नसता.

मारण्यासाठी नव्हे तर पाळण्यासाठी नेल्या जाणाऱ्या गाभण कालवडींचं काय? परदेशातल्या खरेदीदाराला गाभणच हवी असते, कारण उतरल्यावर काही महिन्यांत ती दुभती होते. व्यापारी सांगतात की एवढ्या महाग जनावराची आम्ही काळजी घेतोच. घेत असतीलही. पण मर्यादा मोजली जाते ठरलेल्या उतरण्याच्या दिवसापर्यंत, आणि समुद्र, सीमा, साथी यांना ते वेळापत्रक बांधील नाही. ‘स्पिरिडॉन-2’ वर हिशोब कुठे कोलमडला ते सगळ्यांनी पाहिलं. म्हणून सागरी प्रवासाची मर्यादा अडकून पडण्याचे आठवडे धरून ठरली पाहिजे, नाहीतर गाभण जनावर जहाजावर घेऊच नये. अमेरिकेत 1873 मध्ये रेल्वेतल्या जनावरांना 28 तासांनी उतरवून चारा-पाणी द्यायचा कायदा झाला. पुढे जनावरं रेल्वेतून ट्रकमध्ये गेली आणि तो कायदा ट्रकांनाही लागू आहे हे सरकारी खात्याने उघडपणे मान्य करेपर्यंत 2006 साल उजाडलं. वाहनाला बांधलेला नियम वाहन बदललं की मागे पडतो. तो जनावराच्या अवस्थेला बांधायला हवा: ती किती दिवसांची आहे, आणि सर्वांत वाईट परिस्थितीत ती उतरेल तेव्हा किती दिवसांची असेल.

आता नोंदीकडे येतो. वर दिलेले टक्के मोजून आलेले नाहीत, ते तज्ज्ञांचे अंदाज आहेत, कारण पद्धतशीर मोजणी जवळपास कुणीच करत नाही. खरं तर मोजण्याइतकं सोपं काही नाही. मांस तपासताना गर्भाशय नजरेखालून जातंच. गर्भाची डोक्यापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी मोजली की वय बऱ्यापैकी कळतं. गाईच्या कानात बिल्ला असतो, बिल्ल्यावरून मालक कळतो. लांबी, बिल्ला, तारीख, एवढ्या तीन गोष्टी लिहून मालकाला आणि पशुसंवर्धन खात्याला कळवल्या की वर्षभरात स्पष्ट होईल की कोणाकडून एखादी गाय चुकून आली आणि कोणाकडून नेमाने येतात. पहिल्याला सल्ला पुरेल, दुसऱ्याला दंड हवा. यकृतात जंताच्या खुणा सापडल्या तर ती माहिती गोठ्यापर्यंत पोचवण्याची पद्धत अनेक देशांत आहे. मग पूर्ण वाढीचं वासरू सापडलं तर ती माहिती कचऱ्याबरोबर का जावी?

याचं एक उत्तर फार अस्वस्थ करणारं आहे. सगळे गर्भ कचऱ्यात जात नाहीत. प्रयोगशाळांत पेशी वाढवण्यासाठी वासराच्या गर्भाचं रक्तद्रव लागतं. ते गर्भाच्या हृदयात सुई घालून काढतात. 2002 च्या एका अभ्यासाने जगाची वार्षिक गरज सुमारे 5 लाख लिटर आणि त्यासाठी लागणारे गर्भ 10 लाखांहून अधिक असा अंदाज मांडला होता. या रक्तद्रवावर लसी आणि औषधांचं संशोधन उभं राहिलं, हे कृतज्ञतेने मान्य करतो. पण गर्भाला भाव आला की गाभण गाय येऊ नये असं कत्तलखान्याला का वाटावं? म्हणूनच नोंद ठेवण्याचं काम कत्तलखान्याच्या नोकराकडे न ठेवता सरकारी तपासनिसाकडे असावं. रक्तद्रवाशिवाय पेशी वाढवणारी माध्यमं आज अनेक कामांसाठी उपलब्ध आहेत. जिथे ती चालतात तिथे प्रयोगशाळांनी खरेदी बदलावी, ही मागणी प्राणिमित्रांच्या फलकांवर क्वचितच दिसते. फरशीवरच्या फोटोपेक्षा तिचा परिणाम जास्त होईल.

राहिला मेंढ्या-शेळ्यांचा अपवाद. जर्मनीने त्यांना वगळलं, आणि त्याला व्यवहाराची कारणं आहेत: मोठे चरते कळप, नर बरोबर, नोंद नाही, एका जनावराची किंमत कमी, तपासणीचा खर्च तुलनेने जास्त. छोट्या पशुपालकावर एका रात्रीत हा बोजा टाकला तर तो मोडेल, हा आक्षेप मी खरा मानतो आणि म्हणून बंदी टप्प्याटप्प्याने यावी असं म्हणतो: नोंदी असलेले दुधाचे गोठे आजच, मांसाचे कळप वळू ठरावीक हंगामापुरता आत सोडण्याची घडी बसेल त्या मुदतीत, मेंढ्या-शेळ्या त्यानंतर. पण ‘त्यानंतर’ याला तारीख हवी. साधनं तर आहेतच. नराच्या छातीला रंगीत खडूचा पट्टा बांधला की कोणती मेंढी कधी भरली ते तिच्या पाठीवर उमटतं, आणि दर 17 दिवसांनी खडूचा रंग बदलला की चक्रही कळतं. ब्रिटन आणि न्यूझीलंडचे मेंढपाळ पोटात एक कोकरू आहे की दोन हे सोनोग्राफीने पाहून कोणत्या मेंढीला किती खाद्य द्यायचं ते ठरवतात. म्हणजे फायद्यासाठी ही तपासणी परवडते. त्याच तपासणीचा कागद गाडीत चढवताना दाखवायला सांगितलं, तर खर्च वाढतो तो फक्त आजवर न तपासता विकणाऱ्यांचा, आणि त्यांच्यासाठी पहिली काही वर्षं फिरतं तपासणी पथक सरकारी खर्चाने द्यावं.